विद्यापीठाचं बोधचिन्ह चालेल, मोहोर नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका महाविद्यालयात दोन दिवसांची राज्यस्तरीय परिषद आहे. खर्चाचा काही भाग विद्यापीठाकडून मंजूर झाला आहे. निमंत्रणपत्रिका, स्टेजमागचा फ्लेक्स, सहभागाची प्रमाणपत्रं आणि स्वयंसेवकांचे टी-शर्ट यांवर विद्यापीठाचा लोगो हवा आहे. प्रमाणपत्रांवर तर लोगोशिवाय विद्यापीठाची गोल मोहोरही सोनेरी फॉइलमध्ये टाकली आहे आणि त्याच्या २५० प्रती छापूनही झाल्या आहेत. एका सहकाऱ्याचं म्हणणं, "आपण संलग्न आहोत, परवानगी कशाला लागते?" दुसऱ्याचं म्हणणं, "थेट गुन्हा दाखल होतो." यातलं खरं काय?

दोन्ही सल्ले अर्धवट आहेत. संलग्नतेमुळे विद्यापीठाचं नाव लिहिण्याचा हक्क मिळतो, पण चिन्ह हवं तिथे छापायची मोकळीक मिळत नाही. दुसरीकडे, परिषदेच्या फ्लेक्सवर लोगो टाकला म्हणून कोणी पोलिसांत जात नाही. तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या वस्तू एकत्र आल्या आहेत, आणि खरी अडचण तिथे आहे. आधी त्या वेगळ्या करू, मग प्रत्येक छापील गोष्टीचं उत्तर आपोआप सापडत जाईल.

बोधचिन्ह, म्हणजे लोगो, ही दारावरची पाटी आहे आणि मोहोर, जिला कार्यालयात सगळे सील म्हणतात, ती सही आहे. लोगो सांगतो की या कामाशी या विद्यापीठाचा संबंध आहे. मोहोर सांगते की या कागदावर जे लिहिलंय ते विद्यापीठानं केलंय आणि त्याची जबाबदारी विद्यापीठ घेतं. घोटाळा होतो तो बऱ्याच विद्यापीठांमध्ये दोन्हींचं चित्र जवळपास सारखंच असतं म्हणून: वर्तुळ, आत चिन्ह, कडेनं नाव किंवा ब्रीदवाक्य. पण चित्र सारखं असलं तरी काम वेगळं आहे, आणि नियम कामाला लागतो.

मोहोरेबद्दल कायदा स्पष्ट आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार विद्यापीठ ही एक निगमित संस्था आहे. तिला अखंड परंपरा आणि सामाईक मोहोर आहे. मोहोरेचं स्वरूप कसं असावं, ती कुणाच्या ताब्यात असावी आणि कशी वापरावी हे व्यवस्थापन परिषद ठरवते. अभिरक्षक असतात कुलसचिव. म्हणजे विद्यापीठाच्या आवारातल्या एखाद्या विभागाचे प्रमुखसुद्धा स्वतःच्या अधिकारात मोहोर वापरू शकत नाहीत, मग संलग्न महाविद्यालयाचा प्रश्नच येत नाही. पदवी प्रमाणपत्र किंवा विद्यापीठानं स्वतः केलेले औपचारिक दस्तऐवज ही तिची जागा. परिषदेचं सहभाग प्रमाणपत्र विद्यापीठ देत नाही, तुमचं महाविद्यालय देतं. त्यामुळे त्यावर मोहोर येऊ शकत नाही, आणि त्यासाठी अर्ज करण्यातही अर्थ नाही. मिळणार नाही.

याच्या जोडीला तिसरी वस्तू आहे, तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही: जांभळ्या शाईचा गोल रबरी शिक्का. महाविद्यालयाचा गोल शिक्का हा महाविद्यालयाच्या कार्यालयाचा शिक्का असतो. कडेनं संस्थेचं आणि महाविद्यालयाचं नाव, मध्ये गावाचं नाव, एवढंच त्यात हवं. शिक्के बनवणारे दुकानदार "सर, मध्ये रिकामं वाटतं" म्हणून मध्ये विद्यापीठाचं चिन्ह बसवून देतात. असा शिक्का बोनाफाईडवर उठला की पासपोर्ट कार्यालयात किंवा बँकेत तो विद्यापीठाचा वाटतो. हरकत घेण्यासारखी गोष्ट तीच आहे. तुमच्या टेबलावर असा शिक्का असेल तर परिषदेच्या आधी तो बदलून घ्या. परिषदेच्या उपस्थिती-पत्रांवर तोच उठणार आहे.

आता लोगो. इथे कायद्यात मोहोरेसारखं सरळ वाक्य सापडत नाही. लोगोचा वापर परिपत्रकांवर, निधीच्या मंजुरीपत्रातल्या अटींवर आणि विद्यापीठाच्या बौद्धिक संपदा हक्कांवर चालतो. म्हणून "अमुक ठिकाणी चालतं" असं सगळ्या विद्यापीठांना लागू होईल असं उत्तर कुणी दिलं, तर ते तपासून घ्या. राज्यातली बहुतेक अकृषी सार्वजनिक विद्यापीठं २०१६च्या अधिनियमाखाली येतात, पण अभिमत, केंद्रीय आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांची रचना वेगळी आहे. त्यांच्यात लोगोची जबाबदारी अनेकदा जनसंपर्क किंवा ब्रँड विभागाकडे असते. महाविद्यालय स्वायत्त असेल तर गुणपत्रिकेचा प्रश्न वेगळा होतो: गुणपत्रिका महाविद्यालय स्वतःच्या चिन्हानं देतं, पदवी मात्र विद्यापीठच देतं. तुमचं महाविद्यालय साधं संलग्न आहे, हे धरून पुढचं लिहितो.

लोगोच्या बाबतीत प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारायचा: हा कागद, फ्लेक्स किंवा कपडा पाहणाऱ्या अनोळखी माणसाला यातून विद्यापीठ स्वतः बोलतंय असं वाटेल का? वाटत असेल तर लेखी परवानगी लागते. वाटत नसेल, तर बहुधा नाव लिहून भागतं आणि लोगोची गरजच उरत नाही.

परिषदेच्या साहित्यात सगळ्यात मोठी चूक लोगोत नसते, लोगोच्या शेजारच्या ओळीत असते. "संयुक्त विद्यमाने" हे शब्द आपल्याकडे सवयीनं टाकले जातात. मंजुरीपत्र हातात आलं की संयोजक पत्रिकेवर लिहितात: "सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि आमचे महाविद्यालय यांच्या संयुक्त विद्यमाने". याचा अर्थ विद्यापीठही आयोजक आहे, म्हणजे वक्त्यांची निवड, तिथे मांडलेली मतं, नोंदणी शुल्काचा हिशेब, सगळ्यांत विद्यापीठ भागीदार आहे. तसं पत्र तुमच्याकडे नाही. तुमच्याकडे पैसे मंजूर झाल्याचं पत्र आहे, तेव्हा योग्य शब्द "सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आर्थिक सहाय्याने" हे. विद्यापीठाच्या एखाद्या विभागानं वक्ते पाठवले, सभागृह दिलं, तर "च्या सहकार्याने", तेही त्या विभागाचं नाव घालून. आणि यातलं काहीच नसेल तर महाविद्यालयाच्या नावाखाली बारीक अक्षरांत "सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न". या चार ओळींपैकी कुठली छापायची हे ठरलं की लोगोची जागा आणि आकारही ठरतो. आर्थिक सहाय्य असेल तर लोगो वर उजवीकडे, आयोजकाच्या लोगोपेक्षा मोठा नको. नुसती संलग्नता असेल तर लोगो वगळा, ओळ पुरेशी आहे.

ओळीत विद्यापीठाचं नाव पूर्ण लिहा. पुणे विद्यापीठाचं नाव २०१४ मध्ये बदललं, जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचं २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावानं, सोलापूरचं २०१९ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावानं. तरी इंटरनेटवर जुन्या नावाचे लोगो ढिगानं पडलेले आहेत, आणि डिझायनर चित्रशोधात वर येईल तो उचलतो. जुन्या नावाचा लोगो नव्या फ्लेक्सवर आला की उद्घाटनाला आलेल्या विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांची नजर सगळ्यात आधी तिथेच जाते. (उलट बाजूनं विचारलं जातं म्हणून सांगतो: नाव बदलण्याआधी मिळालेल्या पदव्या आणि गुणपत्रिका तशाच वैध राहतात, त्यांवर नवा लोगो उमटवून घ्यावा लागत नाही.)

प्रमाणपत्राकडे येऊ, कारण तुमचा खरा गुंता तिथे आहे. सहभागाच्या प्रमाणपत्रावर आयोजक महाविद्यालयाचा लोगो मुख्य, मध्ये किंवा डावीकडे. विद्यापीठाचा लोगो परवानगीत प्रमाणपत्राचा उल्लेख असेल तरच, उजवीकडे, आणि त्याखाली "आर्थिक सहाय्य" असं स्पष्ट. सह्या संयोजकांच्या आणि प्राचार्यांच्या. कुलगुरू किंवा अधिष्ठाता पाहुणे म्हणून आले म्हणून त्यांच्या सहीची स्कॅन केलेली प्रतिमा टाकू नका, तोंडी "हो" म्हणाले असले तरी. कडेनं वेलबुट्टीची चौकट, पाठीमागे लोगोचा फिका वॉटरमार्क, वर सोनेरी वर्तुळ, हे सगळं एकत्र केलं की कागद पदवीसारखा दिसू लागतो. नोकरीच्या अर्जाला जोडलेलं असं प्रमाणपत्र पडताळणीसाठी विद्यापीठाकडे येतं, तिथे त्याची कुठेच नोंद नसते, आणि मग तुमच्या महाविद्यालयाला खुलासा मागणारं पत्र जातं. यापेक्षा प्रत्येक प्रमाणपत्रावर एक अनुक्रमांक घाला आणि तो महाविद्यालयाच्या नोंदवहीत नाव, संस्था आणि निबंधाच्या शीर्षकासह लिहून ठेवा. सोनेरी फॉइलनं जे साधायचं होतं, म्हणजे विश्वासार्हता, ते या नोंदवहीतून साधतं.

ई-प्रमाणपत्रांना हेच लागू, उलट थोडं कडक. पीडीएफमधला लोगो आणि सहीची प्रतिमा कुणीही कापून दुसऱ्या कागदावर चिकटवू शकतो. परीक्षांच्या काळात "पेपर पुढे ढकलला" अशी खोटी परिपत्रकं याच पद्धतीनं तयार होतात: खऱ्या परिपत्रकाचा वरचा भाग, लोगो, खाली कुणाची तरी सही. विद्यापीठं लेटरहेडसारख्या मांडणीबद्दल एवढी हळवी का असतात, याचं उत्तर यात आहे. पीडीएफवर मोहोरेचं चित्र असणं हा पुरावाच नाही. पुरावा असतो डिजिटल सही किंवा डिजिलॉकरसारख्या ठिकाणाहून थेट आलेली प्रत. तुमच्या ई-प्रमाणपत्रावर क्यूआर कोड देऊन तो महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरच्या यादीकडे नेला, तर पडताळणी करणाऱ्याचंही काम होतं.

टी-शर्टचा मुद्दा वेगळ्या कारणानं अवघड आहे. स्वयंसेवकांना फुकट वाटायचे ४० टी-शर्ट आणि ३५० रुपयांना विकायचे टी-शर्ट यांत परवानगी देणाऱ्याच्या नजरेत मोठा फरक आहे. फुकट वाटायचे असतील तर अर्जात संख्या लिहून मागा. विकायचे असतील तर तो व्यापारी वापर झाला. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ खाली चिन्हाची नोंदणी वर्गवार होते: शिक्षणसेवा वर्ग ४१, छापील साहित्य आणि स्टेशनरी वर्ग १६, कपडे वर्ग २५. पण विद्यापीठानं कपड्यांच्या वर्गात नोंदणी केलेली नाही म्हणून रान मोकळं, असा अर्थ काढू नका. नोंदणी नसली तरी दुसऱ्याच्या नावावर स्वतःचा माल खपवल्याचा दावा होऊ शकतो, शिवाय चित्रावर प्रताधिकार असतो तो वेगळाच. विक्रीसाठी करार लागतो. त्यात संख्या, मुदत, दर्जा आणि विद्यापीठाचा हिस्सा ठरतो. एका परिषदेसाठी एवढा खटाटोप परवडत नाही. माझा सल्ला: टी-शर्टवर परिषदेचं नाव आणि महाविद्यालयाचा लोगो घ्या, विद्यापीठाला तिथून सोडा. राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी स्वयंसेवक असतील तर त्या योजनेचं चाकाचं चिन्ह, कोणार्कच्या रथाचं, हेही तुमचं नाही. ते योजनेच्या कार्यक्रमांसाठी आहे, तुमच्या परिषदेसाठी नाही.

जर्नलच्या वह्या, फाइली, मग, किल्लीच्या साखळ्या यांचंही हेच. महाविद्यालयासमोरचा स्टेशनरीवाला वर्षानुवर्षं विद्यापीठाचा लोगो छापलेली प्रॅक्टिकलची जर्नलं विकतो म्हणून ते नियमात बसतं असं नाही. कुणी हरकत घेतलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. कोल्हापूरच्या बाबतीत तर आणखी एक पदर आहे. बोधचिन्हं आणि नावं (गैरवापर प्रतिबंध) अधिनियम, १९५० च्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव आणि चित्र आहे. त्यांचा व्यापारासाठी वापर केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय करता येत नाही. शिवाजी विद्यापीठाच्या नावानं माल विकणाऱ्यानं विद्यापीठाच्या परवानगीपलीकडेही पाहावं लागतं.

आणि अशोकस्तंभ. मंत्री उद्घाटनाला येणार म्हणून पत्रिकेच्या माथ्यावर सिंहमुद्रा छापायची हौस अनेकांना येते. ती छापू नका. राजचिन्हाचा वापर २००५च्या कायद्यानं आणि २००७च्या नियमांनी ठरवून दिलेल्या व्यक्तींना आणि कार्यालयांनाच आहे. मंत्र्यांच्या स्वतःच्या लेटरहेडवर ती असते, म्हणून तुमच्या पत्रिकेवर येत नाही.

प्रायोजकांसाठी एक खूणगाठ बांधा. पतसंस्था, सराफ, कोचिंग क्लास, पुस्तकविक्रेता यांचे लोगो विद्यापीठाच्या लोगोच्या रांगेत कधीही नकोत. खाली वेगळी पट्टी, त्यावर "प्रायोजक". दोन लोगो शेजारी आले की क्लासवाला त्या फ्लेक्सचा फोटो काढतो आणि पुढच्या हंगामात "विद्यापीठासोबत" अशी जाहिरात करतो. स्थानिक नेत्यांचे "हार्दिक शुभेच्छा" फ्लेक्सही बहुधा तुमच्याच डिझायनरकडे होतात आणि त्याच्या संगणकात लोगो आधीच असतो. त्याला आधी बजावून ठेवा. अधिसभेच्या पदवीधर मतदारसंघाच्या निवडणुका जवळ असतील तर दुप्पट काळजी घ्या; उमेदवाराच्या पत्रकावर विद्यापीठाचा लोगो आला की निवडणूक घेणारी संस्थाच एका बाजूला उभी असल्यासारखी दिसते.

आता अर्ज कसा करायचा ते. महाविद्यालयाच्या लेटरहेडवर, प्राचार्यांच्या सहीनं, जावक क्रमांक घालून, कुलसचिवांच्या नावे. संयोजकाच्या वैयक्तिक ईमेलवरून पाठवलेला अर्ज फिरत राहतो. एक प्रत निधी मंजूर करणाऱ्या विभागाला द्या, कारण कुलसचिव कार्यालय बहुतेकदा त्यांचाच अभिप्राय मागवतं, आणि ती प्रत आधी गेलेली असली की आठवडा वाचतो. विषयात "बोधचिन्ह" हाच शब्द वापरा, "सील" किंवा "मोहोर" अजिबात लिहू नका. त्या एका शब्दानं अर्ज नाकारला जाऊ शकतो. मजकूर साधारण असा ठेवा:

"आमच्या महाविद्यालयात दिनांक … ते … या कालावधीत … या विषयावर राज्यस्तरीय परिषद आयोजित केली आहे. विद्यापीठाच्या पत्र क्रमांक … अन्वये यासाठी आर्थिक सहाय्य मंजूर झाले आहे. सोबत जोडलेल्या मसुद्यांप्रमाणे निमंत्रणपत्रिका (… प्रती), फ्लेक्स (… नग) आणि सहभाग प्रमाणपत्र (… प्रती) यांवर विद्यापीठाचे बोधचिन्ह 'आर्थिक सहाय्य' या उल्लेखासह वापरण्यास परवानगी मिळावी आणि बोधचिन्हाची अधिकृत व्हेक्टर फाइल उपलब्ध व्हावी. बोधचिन्हाचा वापर याच कार्यक्रमापुरता मर्यादित राहील व त्यात कोणताही बदल केला जाणार नाही."

सोबत मंजुरीपत्राची प्रत आणि प्रत्येक छापील वस्तूचा अंतिम मसुदा पीडीएफमध्ये जोडा. मसुदा जोडला नाही तर परवानगी मोघम येते आणि मग काय चालतं यावर वाद होतात. कार्यक्रमाच्या किमान तीन-चार आठवडे आधी अर्ज आवक झालेला हवा. पाहुण्यांची नावं पक्की व्हायची वाट पाहू नका; नाव बदललं तर परवानगी बदलत नाही, मांडणी बदलली तर बदलते. उत्तर आलं नाही तर काय? मौन म्हणजे संमती, असं इथे धरता येत नाही. अशा वेळी लोगोशिवाय, नुसत्या आर्थिक सहाय्याच्या ओळीसह छापा. मात्र आधी मंजुरीपत्र नीट वाचा: काही मंजुरीपत्रांत विद्यापीठाचा उल्लेख ठळकपणे करणं हीच अट असते. तशी अट असेल तर उल्लेखाची परवानगी तुमच्या हातात आहेच, आणि लोगोबद्दल त्यात काय लिहिलंय ते शब्दशः पाळा.

परवानगी आल्यावरचा अर्धा त्रास छपाईत होतो. लोगो चित्रशोधातून किंवा व्हॉट्सॲपवरून घेऊ नका. विकिपीडियावरचा लोगोही मोफत वापरासाठी नसतो. तो तिथे लेखात ओळख पटावी म्हणून ठेवलेला असतो. शिवाय हिशेब पाहा: छपाईला इंचाला ३०० बिंदू लागतात, म्हणजे ३० मिलिमीटर रुंदीच्या लोगोला साधारण ३५५ पिक्सेल हवेत. व्हॉट्सॲपवर आलेला २०० पिक्सेलचा लोगो १७ मिलिमीटरच्या पुढे फाटतो. फ्लेक्सला इंचाला ७२ बिंदू पुरतात, पण तिथे लोगो अडीच फुटांचा असतो, म्हणजे २,१६० पिक्सेल. म्हणून व्हेक्टर फाइल मागायची. ती कितीही मोठी केली तरी फुटत नाही.

व्हेक्टर फाइल मिळाली तरी आपल्याकडे एक खास अडचण येते. ब्रीदवाक्य देवनागरीत असतं, आणि फाइल कुणी जुन्या श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल तर दुसऱ्या संगणकावर उघडल्यावर अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं येतात. पुणे विद्यापीठाच्या "यः क्रियावान् स पण्डितः" मध्ये विसर्ग, हलन्त आणि जोडाक्षर तिन्ही आहेत. यातलं काहीही निसटू शकतं. फाइल मागतानाच अक्षरं "कर्व्ह" केलेली हवीत असं सांगा. कोरलड्रॉमध्ये कंट्रोल आणि क्यू दाबलं की मजकुराचं आकृतीत रूपांतर होतं आणि मग फॉन्ट असो नसो, फरक पडत नाही. डिझायनरनं ब्रीदवाक्य स्वतः टाइप करून "दुरुस्त" करायचं नाही. फोटोवरून ट्रेस करून नवा लोगो बनवायचाही नाही: ट्रेसमध्ये अनुस्वार रेषेला चिकटतात आणि वेलांट्यांचे गोळे होतात.

प्रूफ हातात आलं की तपासायच्या गोष्टी: वर्तुळ वर्तुळच आहे का (लोगो बाजूच्या दांडीनं ओढला की अंडाकृती होतो, नेहमी कोपऱ्यातून ओढायचा), रंगीत पार्श्वभूमीवर लोगोमागे पांढरी चौकट आली आहे का, रंग पडद्यावरच्या आरजीबीत राहून छपाईत मळकट झाले आहेत का, आणि लोगोभोवती मोकळी जागा आहे का. विद्यापीठानं आकार दिला नसेल तर माझा अंदाज असा: कागदावर लोगो २० मिलिमीटरपेक्षा लहान नको, ब्रीदवाक्य चष्म्याशिवाय वाचता यावं, आणि चारी बाजूंनी लोगोच्या उंचीच्या पाव भाग जागा रिकामी. फोटोकॉपी होणाऱ्या पत्रांसाठी एकरंगी लोगो मागा, रंगीत लोगोची झेरॉक्स काळा ठिपका होते. लोगोला सावली, चमक, थ्रीडी काही नको. फुलांच्या तोरणात बसवणं नको, परिषदेच्या चिन्हाच्या पोटात घालणं नको. विद्यापीठाच्या फाइलमध्ये नसेल तर शेजारी वर्तुळातला "आर" टाकू नका; ती खूण म्हणजे चिन्ह नोंदणीकृत असल्याचा दावा, आणि नोंदणी नसताना ती लावली तर व्यापारचिन्ह कायद्याखाली दंड होऊ शकतो.

इथवरचं एकत्र सांगायचं तर: मोहोर कुठेच नाही. लोगो पत्रिकेवर आणि फ्लेक्सवर परवानगीनं, प्रमाणपत्रावर परवानगीत नाव घेऊन, टी-शर्टवर शक्यतो नाही. आणि "संयुक्त विद्यमाने" हे शब्द पुसून टाका.

याच विषयावर नेहमी येणारे काही फुटकळ प्रश्न आहेत. पीएच.डी.च्या प्रबंधावर लोगो छापतात तो विद्यापीठानं दिलेल्या मुखपृष्ठाच्या नमुन्यानुसार. नमुन्यात असेल तर वेगळी परवानगी नको, नसेल तर हौसेनं टाकू नका. व्हिजिटिंग कार्डवर पदवीपुढे विद्यापीठाचं नाव लिहिता येतं, लोगो नाही. तो तिथे नोकरी करणाऱ्यांच्या कार्यालयीन कार्डावर असतो. माजी विद्यार्थी संघटना स्वतंत्र नोंदणीकृत संस्था असेल तर ती कायद्यानं वेगळी व्यक्ती आहे, विद्यापीठाचा लोगो तिचा आपोआप होत नाही. आणि महाविद्यालयाच्या सुवर्णमहोत्सवाचं नवं चिन्ह बाहेरच्या चित्रकाराकडून करून घेत असाल तर प्रताधिकाराचं हस्तांतरण लेखी घ्या, त्यात मुदत आणि प्रदेश लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. पाच वर्षांनी चिन्ह पुन्हा चित्रकाराचं झालं तर साठाव्या वर्षी तुम्ही अडकता.

गुन्ह्याच्या भीतीबद्दल. भारतीय न्याय संहितेचं कलम ३४१ बनावट मोहोर तयार करणं आणि बाळगणं याबद्दल आहे आणि शिक्षा जबर आहे, पण त्यासाठी बनावट दस्तऐवज करण्याचा हेतू, निदान मोहोर बनावट आहे हे माहीत असणं, लागतं. उत्साहाच्या भरात फॉइलचं वर्तुळ छापणाऱ्या संयोजकाचा तो हेतू नसतो. तुमच्यासाठी खरा धोका जवळचा आहे: खुलासापत्र आणि हिशेब सादर करताना अडकलेलं अनुदान. ती २५० प्रमाणपत्रं मात्र एकदा माणसांच्या हातात गेली की परत येत नाहीत. पुढे त्यातल्या एखाद्यानं त्यावर काही रचलं, तर पहिला प्रश्न तुम्हालाच विचारला जाईल.

म्हणून ती वाटू नका. फॉइलवर स्टिकर लावणं, काळ्या मार्करनं झाकणं असले उपाय नकोत, त्यानं कागद आणखी संशयास्पद दिसतो. परवानगीचं पत्र येईपर्यंत नवी प्रमाणपत्रं छापू नका. आलं की फॉइलशिवाय छापा, आलंच नाही तर लोगोही वगळून; खर्च उलट कमीच येईल. प्रेसमधून फॉइल उठवायचा साचा, म्हणजे ब्लॉक, आणि चाचणीच्या प्रती मागून घ्या. ब्लॉक राहिला तर उद्या दुसऱ्या कुणाच्या कामात वापरला जाईल. जुन्या २५० प्रती प्राचार्यांच्या समोर मोजून यंत्रात कापून टाका, ब्लॉकवरची आकृती खरवडून काढा, आणि किती प्रती, कोणत्या दिवशी, कोणासमोर नष्ट केल्या याची एका पानाची टिप्पणी दोन सह्यांनी फाइलला लावा. अनुदान कशावर खर्च झालं हे सांगणाऱ्या उपयोगिता प्रमाणपत्रात या पहिल्या छपाईचं बिल घालू नका. तो खर्च महाविद्यालयाच्या खात्यातून जाऊ द्या.